नववीची केमिस्ट्री: अणू, अणु आणि परमाणु यांत आमचं घर अडकलंय

पावसाळी_छत्री
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची. मुलगी नववीत, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीतून, आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं. गणित ठीक, इंग्लिश छान, पण केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की तिचा चेहरा पडतो. शनिवारी तर रडलीच. वही बघितली तर तिने लिहिलेलं, पाण्याचा ॲटम, आणि बाईंनी लाल पेनाने मोठी काट मारलेली. मी म्हटलं अगं असं का लिहिलंस तर म्हणे आई, व्हिडिओतले सर 'पानी का अणु' म्हणतात आणि तूच सांगितलंस ना अणू म्हणजे ॲटम. आता मी बी.कॉम., मी काय बोलणार. नवरा म्हणतो ट्यूशन लाव, लावली होती, त्यांनी पहिल्याच दिवशी वीस व्हॅलन्सी पाठ करायला दिल्या, दोन आठवड्यांत सोडली. घरातल्या घरात, मराठीतून, मलाही कळेल असं कोणी सांगेल का? मूलद्रव्यापासून रिॲक्शनपर्यंत. घाई नाही, चतुर्थीनंतर युनिट टेस्ट आहे.

सुशेगाद_मास्तर
बाय, तुझी पोर हुशार आहे, तिने दोन्ही ठिकाणी जे ऐकलं ते बरोबर जोडलं. घोळ शब्दांचा आहे. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. म्हणजे तोच शब्द एक पायरी सरकला. 'पानी का अणु' म्हणजे आपल्या भाषेत पाण्याचा रेणू. व्हिडिओवाला बरोबर, तूही बरोबर, काट मात्र पोरीच्या वहीत.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, शेवटची काही वर्षं तर हे दर वर्षी बघायचो कारण सगळी पोरं घरी हिंदी व्हिडिओ बघतात. असाच दुसरा खड्डा 'क्षार' ह्या शब्दाचा आहे. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, बेसच्या बाजूचा, आणि सॉल्टला ते लवण म्हणतात. आम्ल (ॲसिड) आणि आम्लारी (बेस) मिळून क्षार आणि पाणी, हे वाक्य हिंदी कानाने ऐकलं तर अर्थच लागत नाही. हिंदीतलं तत्व म्हणजे आपलं मूलद्रव्य, यौगिक म्हणजे संयुग. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने पाडायला सांग, इंग्रजी, मराठी, हिंदी, आणि शब्द येईल तसा भरायचा. एका दिवसात भरू नका, कंटाळा येतो.

व्हॅलन्सीला, म्हणजे एक अणू दुसऱ्यांशी किती बंध जोडतो त्या आकड्याला, लगेच हात लावू नका. आधी पाण्याचा एक थेंब स्टीलच्या ताटात ठेव आणि तिला सांग की ह्यात साधारण सतराशे अब्ज अब्ज रेणू आहेत. हो, अब्ज दोनदा. प्रत्येक रेणूत दोन हायड्रोजनचे अणू आणि एक ऑक्सिजनचा. थेंब अर्धा करत करत गेलो तर शेवटी एक रेणू उरेल, तोवर ते पाणीच. तो रेणू फोडला की पाणी संपलं, दोन वायू हातात आले. हे एवढं कळलं की तुमचा पहिला धडा झाला.

कोकमकळी
मास्तर, क्षारवालं मला बीएस्सी होऊन कळलं नव्हतं 😅

सिम्बॉल्सचं माझं सांगते. सोडियमला एनए का, आयर्नला एफई का, मला नेहमी वाटायचं उगाच त्रास द्यायला केलंय. आमची आजी गोवा मुक्तीच्या आधी थोडी वर्षं पोर्तुगीज शाळेत गेलेली. मी ओट्यावर बसून घोकतेय एफई आयर्न एफई आयर्न, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, फेर्रु. मग म्हणे तांबं कोब्र, कथील इश्तान्यु, सोनं ओरु, शिसं शुंबु. मी पुस्तकात बघते तर फेरम, क्युप्रम, स्टॅनम, ऑरम, प्लंबम! पोर्तुगीज लॅटिनचीच लेक ना. फक्त चांदीला आजी नापास, ती म्हणाली प्रात, आणि पुस्तकात अर्जेंटम. एजी. पण चुकलं म्हणूनच तेवढं एक कायमचं लक्षात राहिलं.

सुशेगाद_मास्तर
आजीला नमस्कार सांग. सोडियम आणि पोटॅशियमला आजी उपयोगी नाही, ते नॅट्रियम आणि कॅलियम, पोर्तुगीजमध्येही सोडिउच म्हणतात.

पण आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, आपलाही एक शब्द बसलाय हे पोरीला सांगा. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये तक्ता मांडला तेव्हा साठ-बासष्टच्या आसपास मूलद्रव्यं माहीत होती. त्याने गुणधर्म जुळवत खाली-खाली लावली आणि जिथे जुळेना तिथे सरळ जागा रिकामी सोडली, म्हणाला इथलं अजून सापडायचंय. त्या न सापडलेल्यांना नावं काय दिली तर एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हे 'एका' म्हणजे संस्कृतातलं एक, ॲल्युमिनियमच्या खालचं पहिलं घर. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं आणि बरोबर त्या घरात बसलं, १८८६ मध्ये जर्मेनियम दुसऱ्या घरात. आज तक्त्यात ११८ आहेत. पोरं तक्ता पाठ करतात पण त्या माणसाची छाती किती मोठी ते कोणी सांगत नाही, रिकामी घरं ठेवून तक्ता छापायचा म्हणजे काय.

पेडण्याचो_झील
मास्तर हेलियम आपल्या शेजारी विजयदुर्गला सापडला ना? साहेबाने जिथून सूर्य बघितला म्हणतात ते साहेबाचे ओटे आहेत किल्ल्यावर, आम्ही सहलीला गेलेलो तेव्हा गाईडने सांगितलेलं.

अर्धवट_इंजिनियर
हो १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस पण असतो.

सुशेगाद_मास्तर
तारीख बरोबर, १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. पण त्या दिवशी सूर्याच्या कडेचा वर्णपट बघणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर, ज्याच्या नावावर हेलियमचं बारसं आहे, तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना बघितली. पृथ्वीवर हेलियम हातात यायला १८९५ उजाडलं, रॅम्झेने मिळवला. विजयदुर्ग बघायला जरूर जा, किल्ला उत्तम आहे, पण पेपरात लिहू नका.

पेडण्याचो_झील
सहलीचे दोनशे रुपये परत मागतो 😂

पावसाळी_छत्री
रकाने पाडले! आत्तापर्यंत अकरा शब्द. 'एका' ऐकून ती हसली, दोनदा. आता पुढचा प्रश्न, मिश्रण आणि संयुग. तिने विचारलं की समुद्राचं पाणी मिश्रण आणि मीठ संयुग, पण दोन्हीत दोन-दोन गोष्टी आहेत मग फरक काय? मला धड सांगता येईना.

कोकमकळी
मी सांगू? माझं माहेर आगरवाड्याच्या जवळ, लहानपणी मिठागरांच्या बांधावरून शाळेत जायचो. भरतीचं पाणी आत घेतात, एका खणातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवतात, आणि शेवटच्या उथळ खणात मीठ धरतं. किलोभर समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, त्यातलं बरंचसं आपलं मीठ. नुसत्या उन्हाने वेगळं झालं ना? मग ते मिश्रण. पाणी पाण्यासारखंच होतं, मीठ मिठासारखंच खारट होतं, कोणी आपला स्वभाव सोडला नव्हता.

आता मीठ घे. सोडियम हा असा धातू की पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू, पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला. दोघांचं संयुग झालं आणि आपण ते आंब्याच्या फोडीला लावून खातो. दोघांनीही स्वभाव सोडला. आणि कितीही ऊन दाखव, मिठातून सोडियम सुटा होणार नाही.

एक जास्तीचं. गावठी मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं, बरणीत ओलं गिच्च होतं, ते मिठामुळे कमी आणि त्यात राहिलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे जास्त. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे आपलं गावठी मीठ पण मिश्रणच.

अर्धवट_इंजिनियर
मग भौतिक बदल आणि रासायनिक बदल पण आत्ताच घ्या. फेणीचं उदाहरण बेस्ट. काजूच्या रसाची दारू होते म्हणजे भट्टीवर रासायनिक बदल.

पेडण्याचो_झील
थांब थांब थांब. आमची भट्टी आहे घरची, आजोबांपासून. भट्टीवर काही नवीन होतच नाही, सगळं त्याच्या आधीच झालेलं असतं.

मार्च-एप्रिलात बोंडू (काजूची फळं) गोळा करतात, कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, पायाने तुडवतात, रस काढतात. तो रस भांड्यात आंबायला ठेवायचा. बाहेरून काही घालत नाही, फळावरचंच यीस्ट. दुसऱ्या दिवशी कान लावला तर आतून चुरचुर ऐकू येतं, बुडबुडे, वर फेस. साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, हा झाला रासायनिक बदल, नवीन पदार्थ आला, उलटा फिरवता येत नाही. गोड वास जाऊन तो दुसराच वास येतो, आमच्या आईला त्या वासावरून कळतं तयार झालं की नाही.

मग भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, घालून खाली जाळ. अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं, पाणी १०० ला, म्हणून वाफेत अल्कोहोलचा वाटा जास्त. ती वाफ लावणीत, म्हणजे वाफ धरायच्या भांड्यात, जाते, लावणीवर थंड पाणी ओतत राहायचं, माझं लहानपणीचं काम तेच, उलटी टमरेलं ओतणे. वाफ थंड होऊन परत द्रव. पहिल्या वेळचं ते हुर्राक, परत गाळलं की फेणी. पण अल्कोहोल आधी पण अल्कोहोल, नंतर पण अल्कोहोल. हा भौतिक बदल.

अर्धवट_इंजिनियर
मान्य. नाव सार्थ केलं मी.

सुशेगाद_मास्तर
झीला, शंभरपैकी शंभर. माडाची सूर (माडी) पण जोडून घ्या, ती तशीच राहिली की हवेतल्या ऑक्सिजनने आणि जिवाणूंच्या कृपेने अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड होतं, म्हणजे आपलं विनागर. आंबट लागलं, आम्ल आलं. (नववीची पोर आहे म्हणून उदाहरण वासापर्यंतच ठेवा.)

आता आम्ल-आम्लारी हा विषय घरात करायचा तर प्रयोगशाळा नको. ओवाळताना आरतीला लाल पाणी करता ना, ते कसं करता? हळदीच्या पाण्यात चुना. पिवळ्याचं एकदम रक्तासारखं लाल. जुन्या पद्धतीचं कुंकूही हळदीला असंच आम्लारी लावून करतात. चुना आम्लारी आहे आणि हळद ही दर्शक, इंडिकेटर. आता त्याच लाल पाण्यात पोरीच्या हाताने लिंबू पिळा. परत पिवळं. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, तेही हेच.

पावसाळी_छत्री
आत्ताच केलं!! बशीत. तिने लिंबू पिळलं, पिवळं झालं, परत चुना, परत लाल, अर्धा तास तेच. मग सासूबाई आल्या, म्हणे आरतीच्या पाण्याशी खेळताय कसल्या, आणि मग त्याही बसल्या. मग आमसुलाच्या आगळात खायचा सोडा टाकून बघितला, फसफसून वर आलं आणि लाल जाऊन मळकट निळं-जांभळं. ओट्यावरचा डाग अजून आहे. फसफस कसली हो?

कोकमकळी
कार्बन डायऑक्साइड. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आम्ल भेटलं की तो वायू सुटतो. रंग कोकमाचा, तो पण इंडिकेटरच. जास्वंदीचं फूल गरम पाण्यात बुडवून बघा, आम्लात गर्द गुलाबी, आम्लारीत हिरवं.

आणि एक गंभीर गोष्ट, हे सगळं स्वयंपाकघरातल्या वस्तूंवरच करा, बाथरूमच्या नाही. मागच्या वर्षी चतुर्थीच्या आधी साफसफाई करताना मी फरशीवर ब्लीच टाकलेलं आणि वरून टॉयलेटचं ॲसिड. दहा सेकंदांत घसा धरला, डोळ्यांतून धारा, खोकत अंगणात. क्लोरीन निघतो त्यातून, तोच महायुद्धातला. बीएस्सी केमिस्ट्री मी! दोन दिवस आवाज बसलेला, आरत्या टाळ्यांवर निभावल्या.

सुशेगाद_मास्तर
हे पोरीला वाचून दाखवाच.

पावसाळी_छत्री
दाखवलं, घाबरली. बरं आता मोठं भूत: समीकरण संतुलित करणे. मॅग्नेशियम जाळल्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड. एमजी + ओ२ → एमजीओ. ती शेवटी ओ ला खाली छोटा दोन लावते आणि म्हणते झालं की सारखं, बाई का काटतात?

अर्धवट_इंजिनियर
हे माझ्याकडे द्या, प्रायश्चित्त. रस ऑम्लेटचा गाडा समजा. आज रस संपलाय, फक्त ऑम्लेट-पाव, एका बशीत एक ऑम्लेट आणि एक पाव. पण पोदेर, म्हणजे आपला पाववाला, पाव जोडीनेच देतो, सुटा देत नाही (ऑक्सिजन हवेत जोडीनेच फिरतो, म्हणून ओ२). एक ऑम्लेट घेतलं, एक जोडपाव आला, एक बशी झाली आणि एक पाव उरला. आता गिऱ्हाईकाला उरलेला पाव त्याच बशीत कोंबून दिला तर? ती वेगळी डिश झाली, मेनूवर नाहीच. खाली छोटा दोन लावणं म्हणजे तेच. मग गाडेवाला काय करतो, आणखी एक ऑम्लेट टाकतो. दोन ऑम्लेट + एक जोडपाव → दोन बशा. २एमजी + ओ२ → २एमजीओ. पुढचा मोठा आकडा म्हणजे बशा किती, खालचा छोटा आकडा म्हणजे बशीत काय. बशांची संख्या बदला, बशीला हात लावायचा नाही.

छोट्या आकड्याला हात लावला की काय होतं बघा, एच२ओ म्हणजे पाणी, एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायचं ते. प्यायचं नाही.

पावसाळी_छत्री
नवऱ्याला कळलं!! तो म्हणतो आता मला भूक लागली.

डिचोलीकर_६८
उशिरा आलो. आमच्याकडचं एक देतो, पोरीला हे सोडवायला द्या. लोखंडाचं खनिज म्हणजे हेमॅटाइट, एफई२ओ३, लोखंड आणि ऑक्सिजन. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या अंगणातली तुळस लाल, वाळत घातलेले कपडे लाल, ट्रक एकामागोमाग बार्जपर्यंत, २०१२ ला बंद पडलं तेव्हा पहिल्यांदा कळलं आमच्या घराच्या कौलांचा रंग कुठला ते. तर झोतभट्टीत कार्बन मोनॉक्साइड ह्या खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो: एफई२ओ३ + ३सीओ → २एफई + ३सीओ२. ऑक्सिजन काढला ते क्षपण. एवढी आग लावून लोखंड सुटं करायचं आणि मग आपल्या हवेत गेट लावलं की पहिल्या पावसात तांबडं. गंज म्हणजे परत लोखंड, ऑक्सिजन आणि सोबत पाणी. खाऱ्या हवेत मीठ त्याला हात देतं. मांडवीवरचा जुना पूल १९८६ च्या जुलैमध्ये पडला, मी तेव्हा पणजीत कॉलेजला, काँक्रीटच्या आत ताणलेल्या तारा गंजल्या होत्या असं नंतर आलं. मग कित्येक वर्षं आम्ही फेरीबोटीच्या रांगेत. गंज म्हटलं की मला तीच रांग आठवते.

गणित: एफई + ओ२ → एफई२ओ३ संतुलित कर. (खऱ्या गंजात पाणीपण असतं, ते तूर्त सोड.)

पावसाळी_छत्री
तिने स्वतः केलंय, मी फक्त टाइप करते. डावीकडे पाव दोनदोनच्या जोडीत, उजवीकडे बशीत तीन, म्हणून दोघांना चालेल असा आकडा सहा. म्हणून तीन जोड्या, दोन बशा, मग लोखंड चार. ४एफई + ३ओ२ → २एफई२ओ३. बरोबर?

डिचोलीकर_६८
बरोबर. शाब्बास बाय.

सुशेगाद_मास्तर
आता प्रकार सांगतो, पण नावं घोकायची नाहीत. शिंपल्यांचा चुना आठवा, जुन्या घरांच्या भिंतींना लावायचे तो. तिसऱ्या-खुब्यांची कवचं भट्टीत भाजली की कॅल्शियम कार्बोनेट फुटतं, चुनकळी राहते आणि कार्बन डायऑक्साइड जातो. एकाचे दोन, अपघटन. चुनकळीवर पाणी टाकलं की ती फुगते, फुटते, पिंपातलं पाणी खदखदतं. दोनाचा एक, संयोग, आणि उष्णता बाहेर म्हणून ऊष्मादायी. मग तो चुना भिंतीला फासला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दोन-तीन दिवसांत परत कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि भिंतीला चमक येते. शिंपलं फिरून शिंपलंच झालं, फक्त भिंतीवर.

पावसाळी_छत्री
टेस्ट झाली. वीसपैकी पंधरा. समीकरणं सगळी बरोबर, दोन मार्क सिल्व्हरला एसआय लिहून घालवले (कोकमकळीताई, आजीचं प्रात आठवलं म्हणे पण पुढे काय ते नाही 🙈).

आणि एक. काल दारात कल्हईवाला आला होता, आजकाल दिसतच नाहीत. सासूबाईंनी तांब्याचं भाण काढलं. त्याने ते तापवलं, कापसाने नवसागर फिरवला, पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवली आणि पुसून घेतलं, आरशासारखं. ही तिथेच उकिडवी बसलेली. रात्री मला विचारते, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापवल्यावर त्याचे अमोनिया आणि एचसीएल असे दोन वायू होतात असं पुस्तकात आहे, पण ते दोन्ही वायू तर बिनरंगाचे. मग धूर पांढरा का?

सुशेगाद_मास्तर
फोन घेऊन अंगणात आलो, बायको विचारते काय झालं.

भाण गरम, तिथे नवसागर फुटतो. त्यातलं एचसीएल तांब्यावरचा काळा ऑक्साइडचा थर खातं, म्हणून तर कथील चिकटतं, ते २३२ डिग्रीलाच वितळतं. पण उरलेले दोन वायू वर जातात, वर हवा थंड, तिथे ते परत एकमेकांना भेटतात आणि पुन्हा अमोनियम क्लोराइडचे बारीक पांढरे कण होतात. तिने जो धूर बघितला तो नवसागरच आहे, परत जमलेला. म्हणजे खाली अपघटन, हातभर वर संयोग, एकाच धुरात दोन धडे.

तो कल्हईवाला परत कधी येणार ते विचारून ठेव. आमच्याकडे दोन भाणं पडून आहेत आणि मला तिला एक प्रश्न विचारायचाय: स्टीलच्या टोपाला कल्हई का लावत नाहीत?

पावसाळी_छत्री
शुक्रवारी येणार म्हणाला. ती आत्ता स्टीलचा टोप उलटा करून बघतेय.